मेकॅनिक स्टेथोस्कोप: काही महिने वापरल्यानंतर

रेससोबत चढत जाणारा इंजिनाचा बारीक 'हुंऽऽ' आवाज शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावायची पद्धत जुनी आहे आणि ती चालतेही. तरी मेकॅनिक स्टेथोस्कोपची (डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखाच, पण रबरी नळीच्या टोकाला धातूची सळई असलेला) सवय झाल्यावर मी परत तिकडे वळणार नाही. दोन्ही कान बंद झाले की पंख्याचा गोंगाट मागे पडतो, शिवाय डोकं बेल्टपासून लांब राहतं.

सळईचं टोक फिरत्या पुलीला कधीच लावू नका. बेअरिंग ज्यात बसलंय त्या स्थिर भागावर टेकवा: अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचं) पुढचं आणि मागचं झाकण, टेन्शनरचा (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचा) मधला बोल्ट, वॉटर पंपाची बॉडी. चांगलं बेअरिंग एकसारखं सरसरतं. ग्रीस सुकलेलं असेल तर कोरडी खरखर किंवा कर्कश शिट्टी ऐकू येते.

अडचण अशी, की आवाज धातूतून पसरतो. अल्टरनेटर आणि आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी पुली) एकाच ब्रॅकेटवर असले की दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं, आणि मग चांगला अल्टरनेटर उगाच बदलला जातो. म्हणून थंड इंजिनावर बेल्ट काढून अर्धा मिनिट चालवून पाहाच. त्याहून फार वेळ नको, कारण वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर कूलंट फिरत नाही. आवाज गेला तर दोष बेल्टवरच्या भागांत आहे. एकेक पुली हाताने फिरवा, कचकच किंवा लूजपणा बोटांना लगेच कळतो. आवाज तसाच राहिला तर टायमिंगच्या बाजूला (जिथे क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्ट फिरवणारा बेल्ट किंवा चेन असते) सळई लावा. काही इंजिनांत वॉटर पंपही टायमिंग बेल्टवरच असतो, हे विसरू नका. बऱ्याच आयडलर पुलींत 6203 बेअरिंग असतं (17×40×12 मिमी), पण जुन्यावरचा नंबर वाचूनच नवीन घ्या.

अल्टरनेटरच्या बाबतीत हे यंत्र अर्धंच सांगतं. आतला डायोड (एसीचा डीसी करणारा भाग) गेला तरी अल्टरनेटर हुंकारतो, आणि ते बेअरिंगसारखंच वाटतं. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर आवाज वाढला तर डायोडचा संशय धरा. लाइट चालू ठेवून, 2000 आरपीएमला बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. 0.5 च्या वर रीडिंग म्हणजे डायोड बहुधा गेलेला. मात्र काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीही दाखवतात, त्यामुळे इंजिन बंद असताना रीडिंग जवळपास शून्य येतं ना, हे आधी तपासा.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल आणि स्टिअरिंग वळवताना आवाज चढत असेल, तर सळई उचलण्याआधी ऑइलची पातळी आणि फेस बघा. गिअरबॉक्ससाठी क्लचच पुरेसा आहे: न्यूट्रलला पेडल दाबल्यावर आवाज थांबला तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग, दाबल्यावर सुरू झाला तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). फक्त रस्त्यावर लोडखाली येणारा टर्बो किंवा डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) आवाज उभ्या गाडीत सापडतच नाही. तिथे या यंत्राचा उपयोग शून्य.

सळई काढून नुसती नळी व्हॅक्यूम होजवरून (इंजिनाच्या ओढीवर चालणाऱ्या रबरी नळ्यांवरून) फिरवली की हवेची गळती छान सापडते. हा उपयोग मला सर्वांत आवडला.

टिकाऊपणा ठीकठाक आहे. एक्झॉस्टजवळ गेल्याने रबरी नळी एका जागी कडक झाली आहे आणि सळईचा आटा अधूनमधून सैल होतो. आटा सैल असला की सळईच थरथरते आणि तो आवाज हुबेहूब खराब बेअरिंगचा वाटतो, म्हणून दर वेळी आधी तो पिळून घ्या.