साखळी सामने की ग्रीनव्हिलचे पाच दिवस?

माझी भाची साउथ कॅरोलायनात कोलंबियाला शिकते. तिचा प्रश्न: एसईसी या अमेरिकी कॉलेज संघांच्या गटातली महिला बास्केटबॉलची शर्यत साखळी सामन्यांतून पाहू, की पैसे साठवून मार्चमध्ये थेट ग्रीनव्हिलला, गटाच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेला जाऊ?

खर्चाचं उत्तर सोपं आहे. घरचा सामना पाहून रात्री खोलीवर परतता येतं. ग्रीनव्हिल दीड तासावर असलं तरी मुक्काम आलाच.

खरा फरक चुरशीत आहे. साखळीत प्रत्येक संघाचे 16 सामने. 2025 मध्ये साउथ कॅरोलायनाने कोलंबियात टेक्ससला 67-50 हरवलं, टेक्ससने ऑस्टिनमध्ये 66-62ने परतफेड केली. शेवटी दोघांचेही 15 विजय, 1 पराभव! ग्रीनव्हिलसाठी अव्वल मानांकन कुणाचं, हे चक्क नाणेफेकीने ठरलं. दोन महिन्यांची मेहनत एका नाण्यावर आलेली पाहताना माझा जीव टांगणीला लागला होता. हे मधूनच डोकावणाऱ्याला कळत नाही.

ग्रीनव्हिलला हरलात की घरी. त्याच वर्षी तिथल्या अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाने टेक्ससला 64-45 असं पार निष्प्रभ केलं. एनसीएए या देशपातळीवरच्या कॉलेज स्पर्धेचा थेट प्रवेशही याच विजेतेपदावर मिळतो.

वेळेचं म्हणाल तर तिथला संध्याकाळी 7चा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे 5:30ला. चहा टाकून बघता येतो, पण रोज नाही.

एकाच संघावर जीव असेल तर साखळीच पाहा. सगळे संघ एका छताखाली पाहायचे असतील, पाच दिवसांची सवड असेल, तर ग्रीनव्हिल. भाचीला मी साखळीच सांगितली.