कारची बॅटरी: बसेपर्यंत चालवायची की आधीच बदलायची?

गाडीला चार वर्षं होत आली की हा प्रश्न येतोच. सेल्फ अजून पटकन लागतोय, मग चार-पाच हजार आत्ताच कशाला घालवायचे? गॅरेजवाला मात्र बॉनेट उघडल्या उघडल्या म्हणतो, "साहेब, बॅटरी गेलीच समजा." माझं मत आधी सांगून टाकतो. पहिली तीन वर्षं बॅटरीची काळजी करू नका. त्यानंतर दर सहा महिन्यांनी ती मोजून घ्या आणि बदलायचं ते आकड्यांवर ठरवा. नुसत्या वयावर नको, आणि गॅरेजवाल्याच्या अंदाजावर तर नकोच.

साधी लेड-ॲसिड बॅटरी आपल्याकडे तीन ते पाच वर्षं जाते. कुणाला तीन आणि कुणाला पाच, हे कंपनीपेक्षा गाडी कुठे उभी असते आणि कशी चालते यावर जास्त ठरतं. बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. प्लेटची जाळी गंजते, पाणी उडतं. नागपूर-चंद्रपुरात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे दिवसभर उन्हात उभ्या गाडीच्या बॅटरीकडून पाच वर्षांची अपेक्षा ठेवू नये. पुण्यात सोसायटीच्या तळघरात उभी राहणारी तीच गाडी पाचवं वर्ष सहज बघते. मुंबईतला त्रास वेगळा. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, एसी चालू, सिग्नलवर सिग्नल, त्यामुळे बॅटरी पूर्ण भरतच नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीत सल्फेटचे स्फटिक प्लेटवर घट्ट बसत जातात आणि ते नंतर सुटत नाहीत. कोकणात खाऱ्या हवेने टर्मिनल लवकर खराब होतात, पण ते साफ करता येतं. त्यासाठी बॅटरी बदलू नका.

एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. बॅटरीची वाट लागते उन्हाळ्यात, पण ती दगा देते थंडीत. डिसेंबरात निफाडकडे पहाटे पारा दहा अंशांच्या खाली येतो, तेव्हा इंजिनातलं तेल घट्ट झालेलं असतं, स्टार्टरला जास्त करंट लागतो आणि नेमका तेव्हाच बॅटरी कमी देते. म्हणून वर्षातलं एक मोजमाप दिवाळीच्या आसपास हवंच. ऊन सोसून झालेलं असतं आणि थंडी यायची असते.

मोजायला मल्टिमीटर पुरतो, तो काही शे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी दार उघडून दिवे लागण्याआधी थेट टर्मिनलवर बघा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा कुठपर्यंत पडतो ते बघा. तो ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तिथे १३.२ दिसत असेल तर आधी अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारं यंत्र), त्याचा पट्टा आणि जोडण्या तपासा. नवी बॅटरी टाकून तो दोष जाणार नाही.

आता दोन गाड्या शेजारी ठेवू. पहिलीत सकाळी १२.१ दिसतं, सेल्फ दमल्यासारखा फिरतो. चार्जरवर रात्रभर लावल्यावर १२.६ येतं, दुसऱ्या दिवशीही तेच टिकतं आणि सेल्फ मारताना आकडा साडेदहापर्यंतच उतरतो. ही बॅटरी चांगली आहे, फक्त उपाशी होती. दुसरीत सकाळी झोकात १२.६ दिसतं, पण सेल्फ मारताच आकडा साडेआठवर आपटतो. टर्मिनल घट्ट आणि साफ असतील, तर हिच्या प्लेट झिजल्या आहेत. हिला कितीही चार्ज केलं तरी उपयोग नाही. दुकानात घाईघाईने बदलल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांत पहिल्या प्रकारच्याही असतात, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. चांगली बॅटरी भंगारात जाते आणि नवीही तशीच उपाशी राहते.

ती उपाशी का राहते, तेही शोधा. गाडी बंद असतानाही अलार्म, घड्याळ, जीपीएस ट्रॅकर थोडा करंट ओढतातच. ५० मिलीॲम्पिअर ओढला तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास गेले. म्हणजे ३५ ॲम्पिअर-तासांची छोटी बॅटरी पंधरवड्यात अर्धी. मुलांकडे परदेशी जाऊन महिनाभर गाडी उभी ठेवणाऱ्यांनी निगेटिव्हची क्लॅम्प काढून ठेवावी, एवढं केलं तरी पुरे. बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर, म्हणजे चार्ज दाखवणाऱ्या छोट्या खिडकीवर, मात्र विसंबू नका. तो सहापैकी एकाच सेलची हालत सांगतो.

आकडे काठावर असतील तर थांबायचं की बदलायचं? गिअरची छोटी पेट्रोल गाडी, वापर गावातल्या गावात, धक्का मारायला चार माणसं हाताशी असतील तर खुशाल थांबा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर नका थांबू, ती धक्क्याने चालू होत नाही. डिझेलला सेल्फसाठी जास्त जोर लागतो, तिथेही थांबण्यात अर्थ नाही. रात्रीचा घाट असेल किंवा आई-वडील दोघंच गाडी नेत असतील, तर मी चौथ्या वर्षी काठावरची बॅटरी ठेवणार नाही. वाचलेल्या सहा-आठ महिन्यांची किंमत हजाराच्या आतच असते, टोइंगवाला त्याहून जास्त घेतो. बॅटरीचं अंग फुगलं असेल किंवा ॲसिड गळत असेल, तर मोजत बसू नका, त्याच दिवशी बदला.

बदलायचं ठरलं की पुढचा प्रश्न, कुठली. गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय नसेल तर साधी बॅटरी पुरते. ती सोय असेल तर किमान ईएफबी घ्या, म्हणजे वारंवार सेल्फ सोसणारी सुधारित लेड-ॲसिड बॅटरी. साधी स्वस्तात बसवून देणारे भेटतात, पण दिवसभरात वीस-तीस वेळा सेल्फ मारणं तिला झेपत नाही आणि वर्ष-दीड वर्षात ती रडायला लागते. एजीएम, म्हणजे ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली बॅटरी, मुख्यतः महागड्या युरोपियन गाड्यांत येते, किंमत साधीच्या दुप्पट-तिप्पट. कंपनीने एजीएम दिली असेल तर एजीएमच टाका आणि नवी बॅटरी गाडीच्या संगणकात नोंदवून घ्या. साध्या गाडीत हौसेने एजीएम टाकण्यात मला फायदा दिसत नाही. बॉनेटखालची उष्णता तिलाही मानवत नाही.

वॉरंटीच्या आकड्याला भुलू नका. दुकानदार ४८ किंवा ६० महिने म्हणतो, पण कार्डावर त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात फुकट बदलून मिळते, दुसऱ्या भागात फक्त सूट. ही सूट छापील किमतीवर धरतात आणि बाजारात बॅटरी छापील किमतीच्या खालीच विकली जाते. समजा छापील किंमत ६००० आणि दुकानातला भाव ४८००. वॉरंटीच्या शेवटाकडे २० टक्के सूट मिळाली, तरी हिशेब ४८०० वरच येतो, म्हणजे हातात काही नाही. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना फुकट बदलून देण्याचे महिने तेवढे बघा. ३० महिने फुकट देणारी बॅटरी २४ महिन्यांवाल्या बॅटरीपेक्षा चार-पाचशेंनी महाग असेल, तर मी ती घेईन. गाडी टॅक्सीला लावली असेल तर अटी बदलतात, कार्ड वाचून घ्या.

गल्लीतला बॅटरीवाला, सर्व्हिस सेंटर किंवा घरपोच सेवा, कुणाकडूनही घ्या. मला गल्लीतला बरा वाटतो, कारण तक्रार घेऊन त्याच्याच दारात उभं राहता येतं. मात्र निर्मितीची तारीख स्वतः बघा. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुकानात पडून असलेली बॅटरी नको. टर्मिनलची बाजू आणि मापही जुन्याशी जुळवा, नाहीतर वायर ताणली जाते. जुनी बॅटरी दुकानदारालाच द्या. तिच्या बदल्यात भाव कमी होतो आणि शिसं पुन्हा वापरात जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. वजनावर घेणाऱ्या भंगारवाल्याकडे गेली, तर ॲसिड गटारात ओतलं जायची भीती असते.

नवी बसवून झाली की दुकानातून निघण्याआधी त्याच्याच मीटरवर इंजिन चालू ठेवून चार्जिंगचा आकडा बघा आणि वॉरंटी कार्डावर तारखेसह शिक्का मारून घ्या.