पोनीटेल पाम बोन्सायच्या नावाखाली १२,६९९ रुपयांना गंडवलं, वाचा आणि सावध व्हा

झाडाचे ८,५००, पॅकिंग-ट्रान्सपोर्टचे १,२०० आणि "झाड पोचलं की लगेच रिफंड" म्हणून डिपॉझिट २,९९९. एकूण १२,६९९ रुपये, सगळे यूपीआयनं, भिशीचे पैसे होते माझे. आणि परभणीत घरी काय आलं तर कुजलेला बुंधा.

जाहिरात होती "२५ वर्षांचा बोन्साय". मी काही नवखी नाही, गच्चीवर अडेनियम आहेत, जेड आहे, वडाचा बोन्साय आहे. पोनीटेल पाम मुळात पाम नाहीच, शतावरीच्या कुळातलं मेक्सिकोचं झाड, पाणी फुगीर बुंध्यात साठवतं, म्हणून म्हणलं आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टिकंल. वाढतं इतकं हळू की जाड बुंधा व्हायला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळं किंमत मला वावगी वाटली नाही, कुणालाच वाटली नसती, आणि हे लोक नेमकं तेच ओळखून असतात.

पण विकणाऱ्याच्या व्हिडिओ कॉलवरचा तो क्षण काही केल्या डोक्यातून जात नाही. "ताई बघा ना, मुळं कशी घट्ट धरलीत" म्हणत त्यानं कुंडी पार आडवी धरली आणि वरचा एकही पांढरा खडा खाली पडला नाही. एकही नाही! सगळे खडे चिकटवलेले होते, खालची सड दिसू नये म्हणून. मी बघत होते पानांचा झुपका, तो बोलतच होता, थांबंल तर ना. वर सांगतो रोज पाणी घाला. या झाडाला रोज पाणी म्हणजे मरणच, माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी द्यायचंच नसतं, पण रोज घाला म्हणलं की सडल्याचं खापर आपल्याच डोक्यावर.

खोकं उघडलं तर आंबूस वास, झुपका धरला तर हातातच आला. बुंध्याच्या भेगा खऱ्या नव्हत्याच, एमसील भरून वरून तपकिरी रंग मारलेला, नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. बुंधा दाबून बघितल्याशिवाय घेऊच नका, दगडासारखा टणक पाहिजे, आणि मातीच्या वर उघडा पाहिजे.

फोन केला तर ब्लॉक. पोलिस स्टेशनला गेले तर म्हणे "मॅडम, झाड तर आलंय ना, मग हे दिवाणी प्रकरण", सायबरवाले म्हणतात आधी स्टेशनला जा, बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत, कुरिअरवाला म्हणतो खोकं फुटलेलं नव्हतं. सगळे एकमेकांकडं बोट दाखवायलेत आणि मी झेरॉक्स घेऊन फिरायलेय! एका साहेबांनी तर स्क्रीनशॉट बघितलेसुद्धा नाहीत, "एवढं महागाचं झाड घेतलंच कशाला" म्हणे. अरे माझे पैसे, मी झाड घेईन नाहीतर काहीही घेईन, चोराला विचारा की!

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असंल तर पैसे गेल्या गेल्या करा, उशीर झाला की पैसे पुढं सरकलेले असतात. नंतर रिफंड देतो म्हणत आधी डिपॉझिट मागितलं की तिथंच कॉल कट करा. वयाचा दावा ऐकला की बारीक असतानापासूनचे फोटो मागा, खऱ्या बोन्सायवाल्याकडं असतात. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढाच, माझ्याकडं तेवढा एक पुरावा आहे.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतेय, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत करावी लागते. आडवी कुंडी दाखवणारा असाच व्हिडिओ कॉल कुणाला आला असंल आणि पैसे गेले असतील तर पावत्या, स्क्रीनशॉट मला पाठवा, तक्रारीला जोडते.