म्हाडाची ऑनलाइन सोडत: सेवा सुधारली, पण थांबणाऱ्याची कदर कुठे आहे?

आम्ही लालबागला भाड्याच्या खोलीत राहतो, सासूबाई धरून पाच माणसं. म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, घरांसाठी सोडतीचे अर्ज बरीच वर्षं भरतोय, म्हणून मनापासून लिहिते.

2023 पासूनच्या नव्या प्रणालीत कागदपत्रं सोडतीआधीच तपासली जातात. पूर्वी नंबर लागल्यावर पात्रता ठरायची आणि फाइल घेऊन खेटे सुरू व्हायचे. आता आधार, पॅन, अधिवास दाखला, उत्पन्नाचा पुरावा सगळं मोबाइलवरून चढवता येतं. या सुधारणेला पैकीच्या पैकी गुण.

पण घर कोणाला द्यायचं हे ठरतं कसं? आधी उत्पन्न गट. मुंबईत वर्षाला 6 लाखांपर्यंत अत्यल्प, 9 लाखांपर्यंत अल्प, 12 लाखांपर्यंत मध्यम, त्यावर उच्च. नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरतात. माझ्या शिवणकामाचे पैसे ह्यांच्या पगारात मिळवले की आम्ही थेट अल्प गटात, आणि तिथल्या किमती बघून छातीत धस्स होतं. मग आरक्षण: अनुसूचित जाती 11 टक्के, जमाती 6, पत्रकार 2.5, आजी-माजी खासदार-आमदार 2. हे शेवटचं मला अजिबात पटत नाही. ज्यांना पगार, भत्ते, पेन्शन आहे, त्यांना वेगळा कोटा कशाला?

एकदा गट आणि प्रवर्ग ठरला की पुढे निव्वळ नशीब. 2024 च्या मुंबईच्या सोडतीत घरं 2,030 आणि अर्ज लाखाच्या वर. प्रतीक्षा यादी असते, पण तीही त्या सोडतीपुरतीच. विजेता अपात्र ठरला किंवा त्याने घर परत केलं, तर त्याच प्रवर्गातल्या पुढच्याला बोलावतात. पुढच्या सोडतीत सगळ्यांची पाटी कोरी. वर्षानुवर्षं अर्ज भरणारा आणि काल पहिल्यांदा भरणारा, दोघांची संधी अगदी सारखी. सिंगापूरच्या सरकारी घरांच्या सोडतीत पहिलं घर घेणाऱ्या कुटुंबाला जादा संधी देतात. तसं काही इथे करायला काय हरकत आहे? संगणक तर आहेच, जुन्या अर्जांची नोंदही असणार.

सोडत पारदर्शक आहे यावर माझा विश्वास आहे, म्हणून पाचपैकी साडेतीन.

नव्याने भरणाऱ्यांनी अधिवास दाखला आधी काढून ठेवा. आणि अर्जात संकेत क्रमांक (प्रत्येक गृहयोजनेला दिलेला नंबर) निवडण्याआधी ती इमारत प्रत्यक्ष बघून या.