‘सेल चांगला आहे, म्हणजे बोर्ड जळालाय’ : अॅक्टिव्ह बेसच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

सांगलीतल्या एका ऑर्केस्ट्रातल्या पाच तारांच्या अॅक्टिव्ह बेस गिटारवर साडेसहा हजार रुपये खर्च झाले. बेसचा मूळ प्रीअँप (आवाज वाढवणारा आतला छोटा बोर्ड) गेला तो परत आलाच नाही, आणि पुढच्या चार महिन्यांत सहा सेल संपले. मुळात बिघाड एवढाच होता, की सेलची काळी वायर जॅकपाशी, म्हणजे केबलची पिन घालायच्या भोकापाशी, तुटली होती. सोल्डर मारायला दहा मिनिटं पुरली असती.

दुकानाचं नाव इथे देत नाही. ज्या पद्धतीने फसवलं ती पद्धत मात्र नीट समजून घ्या. मीटर तुमच्यासमोरच लावतात, त्यावरचा आकडाही खरा असतो, फक्त त्याचा अर्थ खोटा सांगतात.

अॅक्टिव्ह बेसच्या पोटात एक छोटा प्रीअँप असतो आणि तो ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालतो. काही बेसमध्ये असे दोन सेल एकापुढे एक जोडून १८ व्होल्ट देतात. चालू-बंद करायला वेगळं बटण नसतं, ते काम जॅकच करतो. म्हणून हा जॅक स्टिरिओ असतो. त्याच्या टिपवर (पिनेच्या टोकाला टेकणारी पत्ती) आवाज, स्लीव्हवर (बाहेरची नळी) ग्राउंड आणि मधल्या रिंगवर सेलची काळी वायर असते. आपली नेहमीची केबल मोनो. तिच्या पिनेचा लांब दांडा रिंगला आणि स्लीव्हला एकदमच टेकतो, काळी वायर ग्राउंडला मिळते आणि प्रीअँप चालू होतो. पिन उपसली की बंद. केबल लावलेला बेस रात्रभर स्टँडवर ठेवला तर सकाळी सेल बसलेला मिळतो, तो यामुळेच.

या बेसचा आवाज लग्नाच्या सीझनमध्ये गाणं चालू असतानाच जायचा आणि केबल हलवली की परत यायचा. आवाज यायचा तेव्हा पूर्वीसारखाच स्वच्छ असायचा. खरं तर निदान इथेच झालं होतं, कारण जळालेला बोर्ड केबल हलवल्याने जिवंत होत नाही. जॅकचा बाहेरचा नट सैल झाला होता. नट सैल असला की पिन घालता-काढताना अख्खा जॅक आतल्या आत फिरतो, वायरींना पीळ बसतो आणि सगळ्यात बारीक वायर आधी तुटते. ती बहुतेक वेळा सेलचीच असते. पुढे एके दिवशी आवाज कायमचाच गेला.

दुकानदाराने काउंटरवर सेल उघडा केला, मीटरच्या दोन्ही पिना सेलच्या दोन टोकांना लावल्या आणि आकडा दाखवला, ८.६. ‘सेल चांगला आहे बघा. म्हणजे बोर्ड जळालाय. मुंबईवरनं मागवावा लागंल.’ गिऱ्हाइकाला हे पटतं, कारण मीटर खोटं बोलत नाही.

मीटर खोटं बोललं नव्हतंच. पण सेलच्या दोन टोकांवरचं माप सेलबद्दल सांगतं, बोर्डापर्यंत काय पोचतंय ते सांगत नाही. त्यासाठी जॅकमध्ये केबलची पिन घालायची, मीटरची लाल पिन सेलच्या प्लसवर ठेवायची आणि काळी पिन सेलच्या मायनसवर न ठेवता जॅकच्या स्लीव्हवर किंवा पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा भाग) धातूच्या पाठीवर टेकवायची. दोन्हीकडे ८.६ आलं तर काळी बाजू शाबूत आहे. मग मीटरची लाल पिन बोर्डावर लाल वायर जिथे जोडलीय तिथे नेऊन तीही बाजू तपासायची. सेलवर ८.६ आणि ग्राउंडशी जवळजवळ शून्य आलं, तर वाट रिंगपाशी तुटलीय आणि बोर्डाला वीज मिळतच नाही. मीटरची एक पिन चार बोटं सरकवली असती तर त्या काउंटरवरच खरं कारण दिसलं असतं.

दुसरी तपासणी तर मीटरशिवाय होते. या बेसवर अॅक्टिव्ह-पॅसिव्ह स्विच होता, म्हणजे पॅसिव्हवर प्रीअँप वगळून आवाज थेट बाहेर जातो. पॅसिव्ह केल्यावर आवाज आला तर पिकअप (तारांखालचा, त्यांचा आवाज पकडणारा भाग), टिपची वायर आणि केबल ठीक आहेत, दोष सेलच्या वाटेत किंवा प्रीअँपमध्ये आहे. दोन्हीकडे शांतता असेल तर आधी केबल, मग जॅक. काही बेसना हा स्विच नसतो आणि सेल नसला की ते मुकेच राहतात, तिथे ही युक्ती चालत नाही.

आणि बोर्ड खरंच गेलाय असं कुणी म्हणत असेल तर तेही दाखवता येतं. बऱ्याच प्रीअँपमध्ये आठ पायांची ड्युअल ऑपअँप आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, असते. पिन घातलेली असताना तिच्या आठव्या पायावर सेलचा पूर्ण व्होल्टेज, चौथ्यावर शून्य, आणि पहिल्या व सातव्या पायावर साधारण निम्मा म्हणजे ४.५ च्या आसपास मिळायला हवा. आठव्या पायावर ९ आहे पण पहिला किंवा सातवा पाय शून्याला नाहीतर नऊला चिकटलाय, तर आयसी किंवा तिच्या आजूबाजूचा एखादा भाग गेला असं म्हणता येईल. आठव्या पायावरच काही नसेल तर बोर्डावर आळ घेऊ नये. काही कंपन्यांचे प्रीअँप काळ्या इपॉक्सीत बुडवलेले असतात, तिथे पाय दिसत नाहीत. पण लाल वायर, ग्राउंड आणि आउटपुट बाहेरच असतात, तेवढ्यावरही वीज पोचतेय का हे कळतं.

आठवड्याने बेस परत मिळाला, आवाज येत होता आणि सगळे खूश होते. मागची प्लेट उघडायचं कुणाच्या मनात आलं नाही. तीन आठवड्यांनी सेल बसला. नवा घातला, तोही तसाच. दुकानदाराचं उत्तर तयार होतं, ‘अॅक्टिव्ह बेस सेल खातोच.’ आणि दर वेळी सेल त्याच काउंटरवरून घेतला जात होता.

इथे हिशेब बघा. प्रीअँप साधारण १ मिलीअँपिअरच्या आतबाहेर वीज घेतो. चांगल्या अल्कलाइन ९ व्होल्ट सेलची क्षमता ढोबळमानाने ५०० मिलीअँपिअर-तास. म्हणजे वाजवायचे सुमारे ५०० तास. आठवड्याला सहा तास वाजवलं तर वर्षभराहून कितीतरी जास्त. तोच सेल चोवीस तास चालू राहिला तर ५०० भागिले २४, जेमतेम एकवीस दिवस. दर तीन आठवड्यांनी सेल बसत होता, तो कशामुळे हे आता वेगळं सांगायला नको.

प्लेट उघडली तेव्हा स्टिरिओ जॅकच्या जागी मोनो जॅक होता. मोनो जॅकला रिंग नसते. मग काळी वायर लावायची कुठे, तर ती थेट व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर, ग्राउंडवर सोल्डरच्या वाटाण्याएवढ्या गोळ्यात रोवली होती. प्रीअँप रात्रंदिवस चालू.

ही खोड घरी पकडता येते. केबल काढून ठेवा. सेलच्या क्लिपचं एकच टोक सेलवर बसेल असं क्लिप तिरकं करा, आणि मोकळ्या राहिलेल्या दोन टोकांमध्ये, म्हणजे सेलचं एक आणि क्लिपचं एक, मीटर मिलीअँपिअरवर लावा. आधी २०० ची रेंज, मग खाली. केबल नसताना आकडा शून्य हवा. पिन घातल्यावर अर्धा ते दोनच्या आसपास येईल. या बेसवर पिन नसताना ०.९ आणि पिन घातल्यावरही ०.९. क्लिप उलटं टेकू देऊ नका, संरक्षक डायोड नसलेला प्रीअँप क्षणभर उलट्या जोडणीनेही मरतो.

जॅकच्या मागचे पाय मोजून ठरवू नका. मोनो स्विच-जॅकलाही तीन पाय असतात. सेल काढून मीटर बीपवर लावा. मोनो पिन घातल्यावर रिंगचा पाय आणि स्लीव्हचा पाय यांत बीप वाजला पाहिजे आणि पिन काढल्यावर थांबला पाहिजे. पिन घालूनही वाजत नसेल तर रिंगची पत्ती वाकलीय. लांब नळीसारख्या जॅकमध्ये हे जास्त होतं, आणि ते बदललेलेच बरे.

एक न्यायाची गोष्ट. सेल लवकर बसला म्हणजे दर वेळी लबाडीच असेल असं नाही. कुणी आवाज सुधारायचा म्हणून टीएल०६२ आयसी काढून टीएल०७२ बसवली तर पाय तेच बसतात, पण टीएल०६२ दोन्ही भाग मिळून साधारण ०.४ मिलीअँपिअर घेते आणि टीएल०७२ साधारण २.८. सेल सातपट लवकर संपेल. असा बदल करणाऱ्याने तो आधी सांगायला हवा, एवढंच.

या बेसमध्ये आणखी दोन उद्योग सापडले. आवाज थोडा दबका, वरच्या सुरांना धार नाही, अशी तक्रार होती. ‘नवा बोर्ड आहे, जरा वापरात मोकळा होईल’ हे उत्तर. बोर्ड वापराने मोकळा होत नसतो. पॉट पाहिले तर त्यांच्यावर बी२५के. विचारल्यावर ‘अॅक्टिव्हला पंचवीस केच लागतात’. हे अर्धसत्य आहे. ज्या पिकअपच्या पोटातच प्रीअँप असतो, त्या अॅक्टिव्ह पिकअपना २५ किलोओहमचे पॉट बरोबर आहेत. या बेसचे पिकअप पॅसिव्ह आहेत, त्यांच्या आणि प्रीअँपच्या मध्ये व्हॉल्यूमचा पॉट २५० किंवा ५०० किलोओहमचा हवा. पॅसिव्ह पिकअपवर २५ के लावला की त्यावर भार येतो आणि आवाजातला वरचा भाग गिळला जातो.

दुसरा उद्योग गुरगुरीचा. दुरुस्तीनंतर मंडपात गुरगुर वाढली आणि दोष मंडपाच्या अर्थिंगवर ढकलला गेला. तारांना हात लावला तरी गुरगुरीत काही फरक पडत नव्हता. ब्रिजपासून (तारा अडकवायची धातूची पट्टी) येणारी ग्राउंडची वायर मुळाशी कापून तशीच सोडली होती. मीटर ओहमवर ठेवून ब्रिज आणि जॅकची स्लीव्ह यांमध्ये माप घ्या, एक-दोन ओहमच्या आत हवं. अॅक्टिव्ह पिकअपच्या काही बेसना ब्रिज-ग्राउंड मुद्दाम देत नाहीत, तेवढा अपवाद. मंडपाचं अर्थिंग खरंच खराब असू शकतं. माइकला ओठ लागल्यावर आणि हात तारांवर असताना मुंग्या आल्या तर वाजवणं लगेच थांबवा आणि आधी लाइन तपासून घ्या. तो दोष बेस उघडून जात नाही आणि तो जिवावर बेततो.

मूळ बोर्ड चांगला होता हे पक्कं सिद्ध करायला तो बोर्ड हातात हवा. मागितला तेव्हा ‘फेकला’ म्हणून सांगितलं. चालू प्रीअँपला सुटं गिऱ्हाईक असतं, तो कुणी कचऱ्यात टाकत नाही. जुना जॅक मात्र चुकून बेसच्या बॅगेच्या खिशात राहिला होता. त्याच्या रिंगच्या पायावर सोल्डरमध्ये काळ्या वायरीचे तीन-चार तांब्याचे तंतू अजून अडकलेले आहेत, टोकाला मोडलेले. बाकीच्या वायरी पक्कडीने कापलेल्या, सरळ काठाच्या. ही एकच वायर तुटलेली.

सांगली-मिरजेत वाद्य दुरुस्तीला देताना आपण फार विचारत नाही, आणि त्याला कारण आहे. मिरजेच्या सतारमेकर मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या हा विश्वास कमावलाय, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण जवारी लावणं (सतारीची घोडी घासून नाद जुळवणं) आणि सर्किट तपासणं ही वेगळी कामं आहेत, आणि पहिल्याच्या पुण्याईवर दुसऱ्याने गल्ला भरू नये. जो कारागीर प्लेट तुमच्यासमोर उघडतो आणि मीटरची पिन कुठे टेकवली ते सांगतो, त्याच्याकडे खुशाल द्या. असे लोक आहेत.

बेस देण्याआधी मागची प्लेट स्वतः उघडा आणि उजेडात चार फोटो काढा. बोर्डावरचे अक्षर-आकडे, पॉटवरचे शिक्के, जॅक आणि त्याच्या वायरी दिसल्या पाहिजेत. पॅसिव्ह स्विच असेल तर तो पॅसिव्हवर ठेवून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून, केबलच्या दुसऱ्या टोकाला टिप आणि स्लीव्हमध्ये ओहम मोजून लिहून ठेवा. एकटा जॅझ पद्धतीचा पिकअप बहुधा ७ ते ८ किलोओहमच्या घरात असतो, दोन्ही एकदम उघडले की निम्म्यावर येतो. बेस परत आल्यावर आकडा बराच वेगळा निघाला तर पिकअपलाही हात लागलाय. काढलेला प्रत्येक भाग परत हवा, हे काम देतानाच सांगा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. १८ व्होल्ट केल्यावर दणका वाढतो असं कुणी सुचवलं तर आधी प्रीअँप १८ व्होल्ट सोसतो का ते त्याच्या माहितीपत्रकात पाहा.

जुना बेस विकत घेत असाल तर आणखी एक. ऑगस्ट २०१९ च्या आणि जुलै २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरांत शिरलं होतं. बाहेरून पॉलिश मारलेल्या बेसच्या कप्प्यात स्क्रू गंजलेले, क्लिपवर हिरवट बुरशी, तळाशी बारीक गाळ दिसला, तर किंमत त्या हिशेबाने करा.

बिल नसलं की हात बांधले जातात. इथे पावती म्हणून दुकानाच्या कार्डामागे ‘बेस रिपे. ६५००’ एवढंच लिहिलेलं होतं, ना तारीख, ना भागाचं नाव. पैसे यूपीआयने दिले असतील तर ती नोंद, फोटो आणि मेसेज जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

त्या बेसमध्ये आता नवा स्टिरिओ जॅक आहे, नटाखाली दातेरी वॉशर आहे, काळी वायर रिंगवर गेलीय, ब्रिजची वायर जोडलीय आणि व्हॉल्यूमचे पॉट २५० के आहेत. बोर्ड तोच, दुकानदाराने घातलेला. पिन नसताना ०.००, पिन घातल्यावर ०.९. हे दोन आकडे आणि सेल बदलल्याची तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मागच्या प्लेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.