'ऑटम ब्लिस' रास्पबेरी: फेब्रुवारीच्या लागवडीपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या तोडीपर्यंत

इंग्लंडात परसबागेत रास्पबेरी लावणारे बहुतेक जण छाटणीत अडकतात. उन्हाळी जाती गेल्या वर्षीच्या काडीवर फळतात, म्हणून जुनी काडी कुठली, नवी कुठली ते ओळखत बसावं लागतं. केंटमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात तयार झालेल्या 'ऑटम ब्लिस'ला ही कटकट नाही. ती त्याच वर्षीच्या काडीवर फळते. फेब्रुवारीत सगळ्या काड्या जमिनीलगत कापल्या की काम झालं.

रोपं ४५ ते ६० सेंटिमीटरवर लावावीत. मुळं उथळ, जेमतेम ५ ते ८ सेंटिमीटर मातीखाली. खोल गाडली तर फुटवेच येत नाहीत. माती थोडी आम्लधर्मी लागते. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही आणि शिरा हिरव्या ठेवून पानं पिवळी पडतात. म्हणून आच्छादनाला कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत घ्यावं. अळंबीच्या शेडमधलं टाकाऊ खत स्वस्त मिळतं, पण त्यात चुना असतो.

काड्या साधारण दीड मीटर वाढतात. आधार लागत नाही असं सांगतात, ते आडोशाच्या जागी खरं. वाऱ्यात फळांच्या भाराने काड्या कलंडतात, तेव्हा दोन्ही बाजूंनी एकेक तार ओढलेली बरी. फुटवे ओळीबाहेर पळतात, ते उपटत राहावं लागतं.

फळ ऑगस्टपासून सुरू होतं. चव उत्तम, आंबटगोड, पण फळ मऊ. लालभडक झालं आणि हलक्या ओढीने दांड्यावरून सुटलं की तोडायचं. गडद होऊ दिलं तर चव उतरते. फ्रिजमध्ये दोन दिवसांवर भरवसा नको. ताटात एका थरात गोठवून मग पिशवीत भरलं तर दाणे सुटे राहतात.

खरा त्रास ठिपकेवाल्या पंखांच्या फळमाशीचा. ती पिकत्या फळात अंडी घालते, त्यामुळे वरून धड दिसणारं फळ आतून पाणचट निघतं. उन्हाळी पिकापेक्षा शरदातल्या पिकाला ती जास्त छळते. उपाय कंटाळवाणा आहे: दर दोन दिवसांनी तोड, गळालेलं फळ लगेच उचलणं, आणि ते कंपोस्टात न टाकता बंद पिशवीत भरून फेकणं. पावसाळी आठवड्यात राखाडी बुरशीही येते. दाट फुटवे विरळले की ती कमी होते.

ऐन फळधारणेत पाणी तुटलं तर फळ बारीक राहतं. काटे किरकोळ आहेत, पण तेही नकोत तर 'जोन जे' ही जात बिनकाट्याची आहे.