चकवा लागलेलं जहाज : 'ट्रँगल' (२००९) तिसऱ्यांदा बघून

आमची आजी चकव्याच्या गोष्टी सांगायची. माणूस रात्री बाजारातून घरी निघतो, वाट पायाखालची, वर्षानुवर्षं चाललेली, आणि तरी तासभर चालून परत त्याच आंब्याखाली येऊन उभा राहतो. परत निघतो, परत तोच आंबा. यावर उपाय काय, तर खाली बसायचं. उजाडेपर्यंत जागचं हलायचं नाही. लहानपणी मला यात भुताची भीती वाटायची नाही, भीती वाटायची ती त्या आंब्याची, म्हणजे तो दुसऱ्यांदा दिसतो ना त्या क्षणाची.

'ट्रँगल' हा अख्खा पिक्चर म्हणजे तो दुसऱ्यांदा दिसणारा आंबा आहे, फक्त आंब्याच्या जागी जहाज. क्रिस्टोफर स्मिथ नावाच्या ब्रिटिश माणसाने लिहिलाय आणि डायरेक्टही त्यानेच केलाय, शूटिंग ऑस्ट्रेलियात, गोष्ट घडते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, लांबी जेमतेम ९९ मिनिटं. थिएटरात फारसा चालला नव्हता, नंतर तोंडोतोंडी पसरला. मीही असाच कुणीतरी सांगितलं म्हणून बघितला, पहिल्यांदा मोबाईलवर, रात्रीच्या एसटीत, म्हणजे बघितला असं म्हणायचं एवढंच. दुसऱ्यांदा नीट. तिसऱ्यांदा गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीला मामाकडे, मामेभावासोबत, तो मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनियर आहे आणि सुट्टीवर आला होता. खालचं बहुतेक सगळं त्या तिसऱ्या बघण्यातलं आहे.

आधीच सांगतो, पुढे सगळं फोडलंय. प्लॉटच्या रचनेबद्दलच बोलायचंय त्यामुळे इलाज नाही. बघितला नसेल तर इथेच थांबा, बघून या, मी कुठे जात नाही.

तर जेस नावाची बाई, एकटी आई, मुलगा टॉमी ऑटिस्टिक. शनिवारी ग्रेग नावाच्या मित्राच्या शिडाच्या बोटीवर फिरायला जायचं ठरलेलं. बंदरावर येते ती एकदम हरवल्यासारखी, टॉमी कुठाय विचारलं तर म्हणते शाळेत आहे, आणि शनिवारी कुठली आलीये शाळा? बोटीवर पाच-सहा जण, त्यात व्हिक्टर, सॅली आणि डाउनी. वारा अचानक पडतो, मग वादळ, रेडिओवर कुठल्यातरी बाईचा घाबरलेला आवाज, बोट उलटते, हेदर नावाची मुलगी वाहून जाते. उरलेले उलट्या बोटीवर बसलेले असताना धुक्यातून एक जुनं मोठं प्रवासी जहाज येतं, नाव एओलस. डेकवर कोणीतरी उभं दिसतं. हे वर चढतात तर जहाजावर चिटपाखरू नाही. आणि कॉरिडॉरमध्ये जेसला किल्ल्या सापडतात. तिच्याच, घरच्या किल्ल्या.

इथपर्यंत नेहमीचंच वाटतं. जहाजावरच्या हॉररला एक फायदा फुकटात मिळतो, 'घर झपाटलेलं आहे तर निघून का जात नाहीत' हा प्रश्नच येत नाही, चारी बाजूंना पाणी. पण त्या फायद्यामुळेच लेखक आळशी होतात. 'घोस्ट शिप' (२००२) आठवून बघा, सुरुवातीला १९६२ सालचं इटालियन जहाज, डेकवर लोक नाचतायत आणि एक तार सटकते, पुढचं सांगत नाही, ते पहिले काही मिनिटं अजूनही खतरनाक. पण मग पुढे सगळं रहस्य कसं कळतं, तर एक भूत मुलगी हिरोइनला एका दमात फ्लॅशबॅक दाखवून टाकते. झालं, सुटलो. आपल्याकडचा 'भूत' (२०२०), विकी कौशलवाला, त्याचीही तीच गत. जुहूच्या वाळूत रुतलेलं बेवारस जहाज आणि त्यात टॉर्च घेऊन फिरणारा एकटा माणूस, पहिला अर्धा भाग मला मनापासून आवडला, नंतर मात्र आशुतोष राणा प्रोफेसर होऊन येतात आणि गोष्ट मंत्रतंत्रात शिरते.

(जुहूचं जहाज खरं होतं हां. २०११ च्या जूनमध्ये एमव्ही विस्डम, कोलंबोहून अलंगला भंगारात निघालेलं, ओढणारा दोर तुटला आणि येऊन जुहूला लागलं. आणि त्याच्या पुढच्याच महिन्याच्या शेवटी एमव्ही पवित, जी तर खरीखुरी भुताटकी, ओमानजवळ खलाशांना उतरवून घेतलं होतं आणि जहाज रिकामंच महिनाभर तरंगत जुहूला आलं, कोणाला पत्ता नाही. पवितवर कोणी पिक्चर काढत नाही याचं मला आश्चर्य वाटतं.)

तर 'ट्रँगल'मध्ये फ्लॅशबॅक दाखवणारं भूत नाही. भूतच नाही खरं तर. एक रक्ताळलेला व्हिक्टर येऊन जेसचा गळा धरतो. जहाजावरच्या थिएटरमध्ये ग्रेगला गोळी लागलेली, सॅली आणि डाउनी म्हणतात जेसनेच घातली. मग डोक्याला गोणपाटासारखा मास्क लावलेलं कोणीतरी येऊन त्या दोघांनाही उडवतं. डेकवर झटापट होते, मास्कवाली व्यक्ती जेसला सांगते की त्यांना मारावंच लागेल, घरी जायचा तोच एक मार्ग आहे, आणि पाण्यात पडते. जेस एकटी उरते. ग्रामोफोनवर तबकडी अडकलेली. आणि खालून हाका ऐकू येतात. वाकून बघते तर उलट्या बोटीवर तीच माणसं, जिवंत, आणि त्यांच्यात ती स्वतः.

मी एसटीत होतो तेव्हा इथे मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला होता थोडा वेळ. आंबा!

आता खरी मजा. बाकीचे टाइम लूपवाले पिक्चर एका माणसाला परत परत तोच दिवस जगायला लावतात. इथे तसं नाहीये, इथे जहाजावर एकाच वेळी तीन जेस आहेत. एक नुकतीच चढलेली, जिला काही कळत नाहीये. दुसरी, जिला अर्धवट कळलंय आणि जी सगळ्यांना वाचवायला धडपडतेय. तिसरी मास्कवाली, जिने ठरवलंय की सगळे मेले की पुढची बोट येते, म्हणजे सगळ्यांना संपवलं तरच आपण घरी. आणि पिक्चर आपल्याला या तिघींमधून क्रमाने नेतो, तेच कॉरिडॉर, तीच थिएटरची खोली, फक्त कॅमेरा दर वेळी वेगळ्या जेसच्या खांद्यावर. पहिल्या फेरीत जे जे भुताटकीचं वाटलं त्याचा हिशोब दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत चुकता होतो. डेकवर दिसलेली व्यक्ती कोण, तीच. किल्ल्या कुणाच्या हातून पडल्या, तिच्याच. आरशावर रक्ताने 'थिएटरमध्ये जा' कोणी लिहिलं, तिनेच.

मी आणि दादाने, म्हणजे त्या मामेभावाने, एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर तीन रेघा मारल्या, निळी, लाल आणि पेन्सिलची, आणि पॉज करत करत प्रत्येक जेस कुठल्या मिनिटाला कुठे आहे ते मांडत गेलो. सव्वादोन तास लागले. आणि जवळपास सगळं जुळतं राव. व्हिक्टरचंच घ्या. पहिल्या फेरीत तो भूत लागल्यासारखा अंगावर येतो. दुसऱ्या फेरीत कळतं की मधली जेस त्याला समजवायला गेली होती, जीव तोडून सांगत होती, आणि त्या धक्काबुक्कीत त्याचं डोकं भिंतीवरच्या हुकात घुसलं. म्हणजे ज्याने नवी जेस हादरली तो हल्ला जुन्या जेसच्या चांगुलपणातून आला. रेडिओवरच्या बाईचंही तसंच, ती सॅली निघते, भोसकलेल्या अवस्थेत रेडिओपर्यंत गेलेली, आणि तिकडून उत्तर देतो तो वादळाआधीच्या बोटीवरचा ग्रेग. तिला वाचवायला ज्यांना बोलावते ते म्हणजे स्वतः तीच.

इथे मला आजीचा उपाय आठवला. चकवा चालणाऱ्याच्या पायावर जगतो, तो बसला की चकवा संपला. जेस बसतच नाही. ती प्रत्येक फेरीत काहीतरी वेगळं करायला बघते, आणि ते वेगळं आधीच त्या फेरीचा भाग असतं. तिला चिठ्ठी लिहायची सुचते, लिहिते, मग तशाच, तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांचा ढीग सापडतो. गळ्यातलं लॉकेट जाळीतून खाली पडतं, वाकून बघते तर खाली तशाच लॉकेटांचा खच. आणि मग सॅली. जखमी सॅलीच्या मागे मागे जेस वरच्या डेकवर पोचते आणि तिथे सॅली पडलेल्या आहेत. एक नाही, कितीतरी. तेच कपडे, तीच जखम, काही ताज्या, काहींवर समुद्रपक्षी बसलेले. एक शब्द नाही, एक किंकाळी नाही. 'हे किती वेळा झालंय' हे सांगायला दुसऱ्या लेखकाने पानभर डायलॉग लिहिले असते.

दादा तोपर्यंत बडबडत होता. इंजिन रूममध्ये माणूस नाही तर जनरेटर कोण चालवतंय, लाइट कसे आहेत, एवढ्या मोठ्या जहाजाला बंकर, म्हणजे इंधन, कोण भरतं, "अरे आम्ही वीस-बावीस जण दिवसरात्र राबतो तेव्हा कुठे ते हलतं." त्या डेकच्या सीननंतर गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "जहाजावर पण असंच असतं रे, चार तास वॉच, आठ तास सुट्टी, परत तोच वॉच, तीच गेजेस, चौथ्या महिन्यात मी लॉगबुकात कालचीच एंट्री परत लिहिली होती." मामी तेवढ्यात बोंबील तळून घेऊन आली आणि पाच मिनिटं उभ्या उभ्या बघून म्हणाली, "ही पोरगी उतरत का नाही खाली?" आणि परत स्वयंपाकघरात गेली. तिला तोंडात मारल्यासारखा नेमका प्रश्न पडलेला.

कारण उतरते ती. हाच तर पिक्चरचा खरा डाव. जहाज हा वर्तुळाचा फक्त अर्धा भाग निघतो. पाण्यात पडलेली जेस किनाऱ्याला लागते, घरी पोचते, खिडकीतून आत बघते, आणि आतली जेस, सकाळची, टॉमीवर रंग सांडला म्हणून ओरडतेय, मारतेय. सुरुवातीला आपण बघितलेली प्रेमळ आई आणि ही एकच बाई. बाहेरची जेस बेल वाजवते (ती बेल आपण पहिल्या पाच मिनिटांत ऐकलेली असते, दार उघडल्यावर कोणी नसतं), आत शिरते, वाईट आईला मारून टाकते, टॉमीला जवळ घेते, आता मी चांगली आई होणार म्हणते, आणि गाडीत बसवून निघते. डिकीत प्रेत. वाटेत काचेवर पक्षी आपटतो, ती मेलेला पक्षी उचलून कडेला टाकायला जाते तर खाली पक्ष्यांचा ढीग. लॉकेटं, चिठ्ठ्या, सॅली, पक्षी. पुढे अपघात. टॉमी जातो. म्हणजे जहाजावरच्या सगळ्या रक्तपातामागचं कारण हे एवढंसं घरगुती निघतं, चिडून पोराला मारलेली आई आणि 'एक संधी अजून' हा हट्ट. विक्रमाने तोंड उघडलं की वेताळ झाडावर, तसं हिने आशा धरली की बोट बंदरावर हजर.

एओलस हे नाव उगाच नाही, डाउनी पिक्चरमध्येच सांगतो, ग्रीक पुराणातल्या सिसिफसचा बाप, तोच सिसिफस ज्याला मृत्यूला दिलेला शब्द मोडल्याबद्दल दगड डोंगरावर ढकलायची शिक्षा झाली. पहिल्यांदा बघताना हे जनरल नॉलेज वाटतं आणि कानाआड जातं. शेवट बघितल्यावर कपाळावर हात मारतो आपण.

आता खटकलं ते. आमची लग्नपत्रिका एका ठिकाणी अडकली, ढिगांचा नियम काय? लॉकेटं साठतात, चिठ्ठ्या साठतात, सॅली साठतात, मग बंदूक दर वेळी जागेवर नवी कशी, तिचा ढीग का नाही? उत्तर नाही. डोळ्याला काय भारी दिसेल त्यावर नियम ठरवलाय असं वाटतं, आणि ज्या पिक्चरची सगळी ताकद हिशोबात आहे त्याने असं करू नये. दुसरं, हेदर. वादळात वाहून गेली ती गेलीच, मी तिन्ही वेळा वाट बघितली की ही कुठेतरी परत येईल. वादळाचं कॉम्प्युटर ग्राफिक्स तेव्हाही जेमतेम असणार, आता तर कार्टून वाटतं. डाउनी, व्हिक्टर वगैरे मंडळी मरायला आणलेली आहेत हे त्यांच्या डायलॉगवरून कळतं.

जेस झालेल्या मेलिसा जॉर्जसाठी मात्र हे सगळं माफ. तिघी जेस, कपडे तेच, केस तेच, आणि तरी म्यूट करून लावला तरी ही कुठली जेस ते डोळ्यांवरून कळतं. आम्ही खरंच म्यूट करून बघितलं.

माझ्याकडून पाचातले चार. हळूहळू चढणारा हॉरर आवडत असेल, डोक्याला शॉट लागला तरी चालत असेल तर नक्की बघा, आणि एकट्याने बघण्यापेक्षा पेन घेऊन कोणाबरोबर तरी बघा. भूत दिसून दचकायचं असेल तर हा नाही. लहान मुलं असणाऱ्यांनी शेवटच्या वीस मिनिटांची तयारी ठेवावी, त्याची वेगळी भीती आहे.

शेवटी अपघाताच्या गर्दीत एक टॅक्सीवाला जेसजवळ येतो, कुठे सोडू विचारतो. ती बंदरावर म्हणते. उतरताना तो म्हणतो मीटर चालू ठेवतो, परत येणार ना? ती म्हणते, हो, शब्द देते. दादाने तिथे पॉज केलं आणि पत्रिकेवर निळ्या रेघेचं टोक सुरुवातीला नेऊन जोडलं. स्वयंपाकघरातून मामीने विचारलं, "उतरली का रे ती पोरगी?"

"उतरली मामी," मी म्हटलं, "आता परत चढतेय."